मांडीवरचा डबा

माहूरच्या रेणुकामाईचा हा अनुभव मी आमच्या भजनी मंडळात कितीतरी वेळा सांगितला आहे. सांगताना आवाज कुठे खाली आणायचा, पदर डोळ्यांना केव्हा लावायचा, सगळं पाठ झालं होतं. ऐकणाऱ्या बाया हात जोडायच्या आणि मी मान खाली घालून ते हात जणू देवीच्या वतीने स्वीकारायची. दरवेळी मी तो खोटा सांगितला. देवीबद्दल त्यात काही खोटं नव्हतं. खोटं होतं ते माझ्याबद्दल. आता सत्तरी ओलांडली, गुडघे बोलू लागले, आणि देवीसमोर उभं राहिलं की नजर तिच्या कुंकवावरच थांबते, डोळ्यांपर्यंत जात नाही. म्हणून एकदा खरं काय झालं ते लिहून ठेवते. त्या वेळी मी चोपन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. त्या वेळच्या माझ्यावर हसावंसं वाटलं तर खुशाल हसा, मी स्वतः रोज हसते. पण हसून झाल्यावर जे उरतं, ते काही हसण्यासारखं नाही.

आमचं गाव उमरखेडजवळ. घरची शेती, कापूस आणि तूर. मुलीचं, मीनाचं लग्न होऊन गेलं, मुलगा नोकरीला लागला, आणि मग आमच्या यांनी यवतमाळच्या एका डॉक्टरांकडून जुनी गाडी घेतली. पांढरी, छोटी सेडान, मागे डिकी असलेली. डिकी नसेल तर ती गाडीच नव्हे, असं माझं ठाम मत होतं, आणि ते कोणी विचारलं नसलं तरी मी सांगत असे. साठ हजार किलोमीटर फिरलेली ती गाडी मी पाहुण्यांना "नवीनच म्हणा" अशी दाखवायची. कोणी यांना विचारलं, "काका, ॲव्हरेज काय देते?" तर यांचं तोंड उघडायच्या आत मी सांगून मोकळी, "वीसच्या खाली येत नाही." जसं काही बोनेटखाली मीच बसून पळत होते.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच पौर्णिमेला आम्ही ती माहूरला नेली, चाकाखाली नारळ फोडला, आणि मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की ही गाडी आता देवीची. देवीची म्हटल्यावर नियम आले, आणि नियम अर्थातच मी केले. चपला बाहेर काढून आत बसायचं. माझ्या जाऊबाई एकदा उमरखेडच्या बसस्टँडसमोर चपला काढून गाडीत बसल्या आणि चपला तिथेच राहिल्या. पुसदला लग्नाच्या मांडवात उतरताना हे लक्षात आलं. बिचाऱ्या पैठणी नेसून दिवसभर अनवाणी फिरल्या, आणि अजूनही दिवाळीला आल्या की तो विषय काढतातच. दुसरा नियम, गाडीत मांसमच्छी चालणार नाही. तिसरा, ज्याच्या घरी सोयर किंवा सुतक आहे, म्हणजे जन्म झालाय किंवा कोणी गेलंय, त्याला या गाडीत जागा नाही. विटाळ देवीच्या गाडीला लागायला नको. दर पौर्णिमेला पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन माहूरला जायचं, आणि देवीला दाखवल्याशिवाय घरातल्या कोणीही तोंडात काही घालायचं नाही, हा सगळ्यात मोठा.

यांना तेव्हा मधुमेह होऊन चारेक वर्षं झाली होती. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं की गोळी घेतल्यावर उपाशी ठेवू नका, साखर उतरली तर माणूस भ्रमतो, घाम सुटतो, शुद्ध जाते, तेव्हा लगेच गोड द्या. यांनी गाडीच्या कप्प्यात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी ठेवली होती. ती मी फेकून दिली. का, तर मुंग्या होतात.

ती मार्गशीर्षातली पौर्णिमा होती. इतर वेळी आम्ही दहाच्या आत माहूर गाठायचो, त्यामुळे कधी काही झालं नाही. त्या दिवशी महागावला चाक पंक्चर झालं. पाहतो तर डिकीतलं जादा चाकही बसलेलं. पंक्चर काढणारा चहा प्यायला गेला होता, तो आला, मग ट्यूब बदलली, यात दोन तास गेले. मी गाडीतून उतरले नाही. मांडीवर स्टीलचा डबा, त्यात सोवळ्यात केलेल्या सात पोळ्या आणि वर पुरणाचा गोळा. हे बाहेर उन्हात उभे. एकदा काचेशी आले.

"अर्धा कप चहा घेऊ काय वं? डोकं हलकं हलकं वाटून राह्यलं."

मी म्हटलं, "देवीच्या आंधी तुमच्या पोटात? सकाळी गोळी घेतली ना, मंग काय होते?"

हे परत चाकाकडे गेले. या माणसाने तीस-पस्तीस वर्षांत माझ्याशी वाद घातला नाही, आणि त्याला मी माझं पुण्य समजत होते.

फुलसावंगी मागे टाकल्यावर रस्त्याला एक फाटा लागतो. आत बंजारा समाजाचा तांडा आहे. तिथे साठीला आलेली एक बाई उभी होती. अंगात आरशांची कांचळी, कमरेला घेरदार फेटिया, हातात गाठोडं. गाडी पाहून ती रस्त्यावरच आली. यांनी वेग कमी केला.

"बापू, माहूरले सोडता काय? सुनेले पोरगी झाली रात्री, दवाखान्यात हाय. सकाळपासून एकही गाडी थांबून नाही राह्यली."

यांचा पाय ब्रेकवर होता. मी म्हटलं, "थांबू नका. सोयर हाय तिले. नैवेद्य बाटते."

माझी काच अर्धी खाली होती. हळू बोलले असते तर तिला ऐकू गेलं नसतं. पण मी हळू बोलले नाही, कारण तिलाही कळावं असं मला वाटत होतं. ती दोन पावलं मागे सरली. मी काच वर केली. आरशात मला ती दिसत होती, गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेताना. मग वळण आलं.

दोनेक किलोमीटर गेलो असू. यांनी काही न सांगता गाडी कडेला घेतली, वळवली, आणि आम्ही आलो त्याच रस्त्याने परत निघालो. मला वाटलं, त्या बाईला घ्यायला चाललेत. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. म्हटलं, मोठे दानशूर झाले, देवी तिकडं वाट पाहून राह्यली आणि याईले वाटसरू पायजे. हे हसले. ते हसू ओळखीचं नव्हतं. डिसेंबरची थंडी, आणि कपाळावरून घामाचे ओघळ. मग म्हणाले, "मीनाले शाळेतून आणाचं हाय."

मीनाला तेव्हा दोन लेकरं होती. मला वाटलं, माझी थट्टा करतात. म्हणून मी आणखी चार शब्द सुनावले. ते सुनावून होईपर्यंत गाडी डांबर सोडून खाली उतरली, तुरीच्या शेतात शिरली, आणि धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, टेकून बंद पडली. उभ्या तुरीमुळे वेग मोडला, कोणाला खरचटलंही नाही. यांचं डोकं खिडकीला टेकलं होतं, डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून शब्द येत होता पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठी मी इतकी वर्षं घेतली.

मला कळलं होतं. साखर उतरलीय हे मला त्याच क्षणी कळलं. डॉक्टरांचा शब्द न् शब्द आठवला. आणि माझ्या मांडीवर गुळाच्या पुरणाचा डबा होता, अजून कोमट. मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. देवीचा नैवेद्य देवीच्या आधी उष्टा कसा करायचा, केला तर कोप होईल, आणि कोप यांच्यावरच झाला तर? हा विचार डोक्यात घुमत राहिला. किती वेळ, दोन मिनिटं की पाच, देवीच जाणे. मी मोठ्याने तिचा धावा करत होते. माय, धाव. माय, वाचव. हाका देवीला मारत होते आणि तिने आधीच देऊन ठेवलेलं होतं त्यावर झाकण दाबून बसले होते.

तुरीतून कोणीतरी धावत आलं. तीच बाई. यांच्या भ्रमलेल्या हातांनी गाडी वळवली आणि ती थांबली ती त्या फाट्यापासून शे-दोनशे पावलांवर. तिने दार उघडलं, यांच्या गळ्याला हात लावून पाहिला.

"शुगर हाय काय याईले?"

मी मान हलवली.

"माह्या मालकाचंही असंच व्हते. गोड काय हाय जवळ?"

मी म्हटलं, "काही नाही."

होय, असं म्हटलं मी. तिने माझ्या मांडीकडे पाहिलं.

"अन् डब्यात?"

"तो नैवेद्य हाय."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. लहान लेकराच्या हातातून विळा काढून घ्यायच्या आधी आपण जसं पाहतो, तसं. मग तिने डबा ओढून घेतला.

"देवी रागावन तं माह्यावर रागावन. सोड."

पुरणाचा गोळा बोटाने तोडून तिने यांच्या गालात आतून चोळला. घाई केली नाही. थोडं थोडं, जिभेखाली, हिरडीला. "गिळ बापू, दमानं गिळ," असं म्हणत राहिली. तिच्या पायांचा चिखल पायपुसणीवर उतरत होता आणि, मला सांगायला लाज वाटते, तो मी तेव्हाही पाहिला. काही वेळाने यांनी ओठ चाटले. मग घोट गिळला. मग तिने पोळीचा तुकडा हातात दिला आणि यांनी तो आपल्या हाताने खाल्ला. तेव्हा तिने डबा परत माझ्या मांडीवर ठेवला आणि कोणी मदतीला मिळतं का पाहायला रस्त्याकडे गेली.

नेमके त्याच वेळी यांनी डोळे नीट उघडले. समोर मी, मांडीवर उघडा डबा, यांच्या मिशांना पुरण. माझ्याकडे पाहून यांचे डोळे भरून आले.

"तू भरवलं?"

मी म्हटलं, "हो."

एका मोटरसायकलवाल्या गृहस्थांनी आपली गाडी तांड्यावर लावली आणि आमची गाडी चालवत आम्हाला माहूरच्या दवाखान्यात नेलं. ती बाई मागे माझ्याशेजारी बसली. तिने माझा "हो" ऐकला होता की नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहायची माझी हिंमतही नव्हती. दवाखान्यात यांना सलाइन लावलं, डॉक्टर म्हणाले वेळेवर गोड दिलंत म्हणून निभावलं, आणि हे कौतुकाने माझ्याकडे पाहत राहिले. ती बाई आपल्या सुनेकडे जायच्या आधी हळूच म्हणाली, "माय, पोळ्या उरल्या हायेत. बाळंतिणीले नेऊ काय दोन?" मी डबाच तिच्या हातात दिला. तिचं नाव विचारलं नाही. त्या दिवशी आम्ही गडावर गेलो नाही. मी दवाखान्याच्या ओट्यावरून डोंगराकडे पाहून हात जोडले, आणि जोडलेल्या हातांना पुरणाचा वास येत होता.

घरी आल्यावर यांनी मुलांना सांगितलं, मुलांनी नातेवाइकांना, आणि मग मला नाही म्हणायची सोयच उरली नाही, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे मला गोड लागत होतं. मंडळात माझी गोष्ट वाढत गेली. मी प्रसंगावधान राखून नैवेद्य भरवला, देवीने तो यांच्या मुखातून घेतला. आणि ती बाई? तिच्यासाठी मी एक ओळ ठेवली होती: वाटेत एक गरजू बाई भेटली, तिलाही आम्ही दवाखान्यात सोडलं. ऐकून बाया म्हणायच्या, किती मोठं मन. एवढा निगरगट्टपणा अंगात असताना मी राजकारणात कशी गेले नाही, याचं मला आता नवल वाटतं.

मात्र त्यानंतर गाडीचे नियम मी एकेक करून सोडले. कोणी कारण विचारलं नाही. चपला घालून बसा, डबा उघडा, खा, बाळंतीण असो की तिरडीला जाणारा, बसा. गाडी दोन लाखांच्या वर फिरली. क्लचप्लेट दोनदा बदलली, टायर किती घासले ते आठवत नाही, पण इंजिनाने कधी दगा दिला नाही. आम्ही पौर्णिमेला जातच राहिलो, घरून खाऊन. फक्त तो फाटा आला की मला झोप लागायची. फुलसावंगी गेलं की मी डोळे मिटायची आणि घाट लागला की उघडायची. हे म्हणायचे, तुले इथं बरी झोप येते.

मागच्या मार्गशीर्षात यांनी त्या फाट्यावर गाडी आत वळवली. मी झोपेतून जागं झाल्याचं नाटक केलं.

"कायले वळले इकडं?"

"त्या बाईले भेटू. इतकी वर्षं झाली, आपण साधं विचारायलेही गेलो नाही. ती पोरगी मोठी झाली असन."

मी म्हटलं, उशीर होईल. म्हटलं, ती आता असेल की नसेल. म्हटलं, माझं पोट दुखतंय. हे गाडी चालवत राहिले. तांड्याची घरं दिसू लागली. आता जर ती बाई समोर आली आणि तिने सहज म्हटलं, काय बाई, डबा सोडत नव्हतीस त्या दिवशी, तर? ज्या माणसाने मला आपला जीव वाचवणारी समजून इतकी वर्षं माझा शब्द खाली पडू दिला नाही, तो माझ्याकडे कसा पाहील? मी देवीला म्हटलं, माय, त्या बाईला विसर पडू दे. आणि म्हणता म्हणता मला कळलं की मी पुन्हा तेच करतेय. धावा देवीचा, आणि जे करायचं ते माझ्याच हातात.

"गाडी थांबवा," मी म्हटलं. "तवा मी नाही भरवलं तुमाले."

यांनी गाडी थांबवली. मी सगळं सांगितलं. लिमलेटच्या गोळ्या, चहा, काच, डबा, "काही नाही" म्हटलं ते, आणि शेवटी तो "हो". हे समोरच्या काचेतून बाहेर पाहत होते. 

"डबा किती येळ धरला होता?"

"माहीत नाही."

"हं." मग यांनी दार उघडलं. "चाल. हे तिच्यासमोरही सांगजो."

ती घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. पाठ वाकलेली, कांचळी तीच. नाव जमनीबाई, हे त्या दिवशी कळलं. तिने आम्हाला लगेच ओळखलं, नातीला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. सोळा-सतरा वर्षांची उंच मुलगी, पाणी देताना यांच्या पाया पडली. ती घरात गेल्यावर मी उभ्याउभ्याच बोलले. मी घरात काय सांगितलं, मंडळात काय सांगितलं, सगळं. जमनीबाई शेंग सोलता सोलता थांबली.

"मले माहीत होतं तू हो म्हनलं ते. ऐकलं होतं म्या."

"मंग काहून नाही बोलली?"

ती यांच्याकडे पाहून, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "माह्यंही एक हाय, माय. तू काच वर करून गेली ना, तवा म्या लय वाईट बोलली. म्हनलं, हे गाडी उलथून पडो. इतकं तोंडातून निघालं अन् घडीभरात गाडी वापस आली, माह्या डोळ्यांसमोर तुरीत घुसली. माह्यं काळीज फाटलं. म्हनलं, माह्याच शापानं झालं हे. म्हनून धावली म्या. नाहीतर आली असती का नाही, देवी जाणे." मग हातातली शेंग टोपल्यात टाकून म्हणाली, "तू खोटं बोलली म्हनून मले बरंच वाटलं. खऱ्याची वाच्यता झाली असती तं माह्यंही निघालं असतं."

 मी यांच्याकडे पाहिलं. आधी यांच्या मिशा हलल्या, मग खांदे, आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हे हसत राहिले.

"एकीनं डबा धरला, एकीनं शाप देला," हे म्हणाले, "अन् मी मधात फुकट वाचलो."

त्या दिवशी गडावर दर्शनाच्या रांगेत मी बराच विचार केला. गाडी मागे कोणी वळवली? डॉक्टर म्हणतील, उतरलेल्या साखरेने. जमनीबाई म्हणेल, शापाने. यांना वळवल्याचं आठवतही नाही. मी पूर्ण शुद्धीत असताना जिला रस्त्यावर सोडलं, तिच्याकडे हे शुद्ध हरपत असताना परत गेले, एवढंच मला दिसतं, आणि ते पुरेसं आहे. आम्हा तिघांत त्या दिवशी देवीच्या लायक कोणी नव्हतं. एक भ्रमलेला, एक चिडलेली, एक डबा धरून बसलेली. तिला जशी माणसं मिळाली, तशीच तिने कामाला लावली. मला आयुष्यभर वाटत होतं की देवीला सांभाळायचं असतं, विटाळापासून, उष्ट्यापासून, मुंग्यांपासून. ती माझ्या सांभाळण्यातून वाट काढत कशीबशी आत आली.

गाभाऱ्यात पोहोचले तेव्हा मी मागितलं काही नाही. लाज होती, ती अजूनही आहे, आणि ती जावी असंही मला वाटत नाही. फक्त त्या दिवशी नजर कुंकवापाशी थांबली नाही. वर गेली. माय माझ्याकडे पाहत होती, आणि मीही पाहू शकले.